फौजी माणसाचं घड्याळ आणि हेराचं घड्याळ

प्रश्न मोहोळ तालुक्यातून आलाय. विचारणाऱ्याचा धाकटा भाऊ अग्निवीर म्हणून निवडला गेलाय आणि ट्रेनिंगला निघायच्या आधी घरच्यांना त्याला घड्याळ द्यायचंय. बजेट पाच हजार. इंटरनेटवर 'मिलिटरी', 'टॅक्टिकल', 'कमांडो' असं काय काय दिसतंय, त्यातलं खरं किती? फौजेतले आणि गुप्तहेर खात्यांतले लोक खरोखर काय घालतात? शिवाय आजोबा फौजेत होते, त्यांचं 'एचएमटी जवान' कपाटात पडून आहे. ते अस्सल आहे का, हे कसं ओळखायचं?

मी सोलापुरात नवी पेठेत घड्याळं दुरुस्त करतो. दुकान वडिलांपासूनचं. बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट, मोहोळकडची फौजेतली पोरं सुट्टीवर आली की गावी जायच्या आधी सेल बदलायला, पट्टा टाकायला येतात. पेन्शनवर आलेले सुभेदार, हवालदार येतात, ते जुनी चावीची घड्याळं घेऊन. त्यामुळे फौजी घड्याळांबद्दल थोडंफार हाताखालून गेलेलं आहे. हेरांचं म्हणाल, तर माझ्या दुकानात आजवर एकही हेर आलेला नाही. आला असेल तर मला कळलं नाही, म्हणजे त्याचं काम नीट चाललंय. ती बाजू मी वाचून आणि जुन्या घड्याळांच्या नादातून शिकलोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सैनिक घड्याळ निवडतो ते त्याला त्यावर काय दिसेल, ते बघून. हेर निवडतो ते त्याच्या हातावर बघणाऱ्याला काय दिसेल, ते बघून. दुकानदार या दोघांची खिचडी करतात आणि 'मिलिटरी स्टाईल' म्हणून विकतात.

पुरुषाच्या मनगटावर घड्याळ आलं ते लढाईमुळे. त्याआधी पुरुषाचं घड्याळ खिशात, साखळीला. मनगटावर बांधायचं ते बायकांचं लेणं समजत. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात इंग्रज अधिकारी खिशातलं घड्याळ चामड्याच्या वाटीत बसवून हाताला बांधायला लागले होते, पण खरी गरज पडली पहिल्या महायुद्धात. १० मार्च १९१५ ची फ्रान्समधली न्यूव्ह शापेलची लढाई घ्या. सकाळी साडेसातला तोफा सुरू झाल्या, पस्तीस मिनिटं मारा झाला आणि आठ वाजून पाच मिनिटांनी पायदळ उठलं. त्या हल्ल्यात भारतीय कोअरच्या तुकड्या होत्या. आता विचार करा, तोफखान्याचं घड्याळ आणि पायदळाचं घड्याळ यांत दोन मिनिटांचा फरक असेल तर काय होईल? आपल्याच तोफांचे गोळे आपल्याच माणसांवर. अशा वेळी खंदकात गुडघाभर चिखलात उभं राहून कोट उघडून खिशातून घड्याळ काढत बसायला सवड नसते. म्हणून खिशातल्याच मापाच्या घड्याळाला दोन तारेच्या कड्या डाखवल्या, त्यातून पट्टा ओवला, काचेवर गोळ्यांचे तुकडे लागू नयेत म्हणून जाळीदार झाकण बसवलं. खंदकातली घड्याळं म्हणून संग्राहक आज ज्यांच्यावर पैसे उडवतात ती हीच.

घड्याळं एकमेकांशी जुळवणं ही सोलापूरकराला समजावून सांगायची गोष्ट नाही. हे शहर मिलच्या भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. वडील सांगायचे, गिऱ्हाईक घड्याळ मागं-पुढं पळतंय म्हणून तक्रार घेऊन आलं की पहिला प्रश्न असायचा, कुठल्या भोंग्याला लावलं होतं? नंतर आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे ठोके आले. फौजेला मात्र भोंगा वाजवून चालत नाही. तिथे सगळ्यांच्या हातावरचं घड्याळच एका सेकंदाला बांधून घ्यावं लागतं. म्हणून फौजी घड्याळात एक खुबी आली. चावी बाहेर ओढली की सेकंद काटा जागच्या जागी थांबतो. सगळ्यांनी काटा बारावर थांबवायचा, अधिकाऱ्याने हाक दिली की चावी दाबायची. दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकेचं ए-११ घड्याळ याच कामाचं. एल्जिन, बुलोव्हा आणि वॉल्थम या तीन कंपन्यांनी ते बनवलं. काळी डायल, पांढरे आकडे, मधला सेकंद काटा, बास.

इंग्रजांनी युद्धाच्या शेवटी, १९४५ च्या सुमाराला, बारा स्विस कंपन्यांकडून एकाच नमुन्याची घड्याळं करून घेतली. ओमेगा, लाँजिन्स, आयडब्ल्यूसी, जेजर-लकूल्त्र, सायमा, लेमानिया, एटर्ना, ब्युरेन, रेकॉर्ड, टिमोर, व्हर्टेक्स आणि ग्राना. संग्राहक या मंडळींना 'डर्टी डझन' म्हणतात. ग्राना सगळ्यात कमी संख्येने बनलं, म्हणून त्याचा भाव सगळ्यात चढा. पण मला यात भाव महत्त्वाचा वाटत नाही. ओमेगा आणि लाँजिन्ससारखी मोठी नावं आणि टिमोरसारखं आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसलेलं नाव, सगळ्यांना सरकारने एकच कागद दिला. डायल काळी हवी, आकडे इतके ठळक हवेत, पाणी आत जाता कामा नये, काट्यांवर अंधारात चमकणारा रंग हवा, डायलवर आणि मागे सरकारी बाणाची खूण हवी. कंपनीचं नाव किती मोठं, याला शून्य किंमत. घड्याळ सैनिकाचं नव्हतंच, सरकारचं होतं. सही करून घ्यायचं, परत जमा करायचं. जर्मन हवाई दलाची निरीक्षकांसाठीची घड्याळं तर ५५ मिलिमीटरची असत, जॅकेटच्या बाहीवरून बांधायची, आणि डायलवर कंपनीचं नावच नसे. लांगे, लाको, स्टोवा, वेम्पे आणि आयडब्ल्यूसी या पाचांपैकी कुणाचं, हे आतून बघितल्याशिवाय कळत नसे.

आता हे सगळं आजच्या खरेदीला कसं लागू पडतं ते बघू. ऑनलाइन जे 'नाटो पट्टा' म्हणून विकतात, त्या नायलॉनच्या पट्ट्याचा जन्म ब्रिटिश संरक्षण खात्याच्या १९७३ च्या एका मानकातून झाला. तो घ्यायला सैनिकाला जी-१०९८ नावाचा फॉर्म भरावा लागे, म्हणून त्याला जी-टेन म्हणतात. त्यात एक अक्कल आहे. पट्टा एकसलग असतो आणि घड्याळाच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांमधून ओवलेला असतो. एक दांडी तुटली तरी घड्याळ दुसऱ्या दांडीला लटकून राहतं. कपड्यांत अडकून हिसका बसला तरी पडत नाही. ब्रिटिश फौजेच्या कित्येक घड्याळांत तर दांड्या केसलाच, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या खोक्यालाच, पक्क्या डाखवलेल्या असत, स्प्रिंगच्या पिना नाहीतच. सत्तरच्या दशकात ब्रिटिश नौदलाच्या पाण्याखाली बुडी मारणाऱ्या जवानांना दिलेल्या रोलेक्स सबमरीनरलाही अशाच पक्क्या दांड्या होत्या.

आपल्या हवेत हा पट्टा चामड्यापेक्षा कितीतरी बरा. इथे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या वर जातो, चामडं घामाने आधी काळं पडतं, मग वास मारतं, मग शिवण सुटते. नायलॉन रात्री साबणाच्या पाण्यात धुऊन वाळत टाकला की सकाळी कोरडा. सुट्टीवर आलेल्या जवानाचं घड्याळ बेंचवर आलं की बॅक कव्हर आणि पट्ट्याच्या मधे घामाचं मीठ, धूळ आणि मळ यांचा काळपट-हिरवा थर हमखास सापडतो. तो लाकडी काडीने खरवडून काढल्याशिवाय कव्हर उघडायची खाचसुद्धा दिसत नाही. बरेच जण डायल मनगटाच्या आतल्या अंगाला ठेवतात. रायफल धरलेली असताना हात न फिरवता वेळ दिसते आणि काचेवरून ऊन चमकून जागा उघडी पडत नाही. अशा घड्याळाची काच मधे बऱ्यापैकी शाबूत आणि कडेने घासलेली असते, कारण लिहिताना, जेवताना ती टेबलावर टेकते. गिऱ्हाइकाने काही सांगायच्या आधी आपण विचारावं, "कुठे पोस्टिंग आहे?" तर माणूस चमकतो.

अमेरिकनांनी १९६४ मध्ये वेगळाच रस्ता धरला. घड्याळ स्वस्तात बनवायचं, बिघडलं की टाकून द्यायचं, दुरुस्तीची भानगडच नको, असं सरकारी मानकच काढलं. व्हिएतनाममध्ये तीच घड्याळं गेली. माझ्यासारख्याच्या पोटावर पाय देणारी कल्पना, पण हिशोब बरोबर होता. जंगलात कोण ऑइलिंग करत बसणार? त्यातूनही जवानांनी स्वतःचा मार्ग काढलाच. छावणीच्या दुकानातून सेइको विकत घेऊन घातली, ती सरकारीपेक्षा जास्त टिकली. रशियात चिस्तोपोलच्या वोस्तोक कारखान्याने १९६५ पासून 'कोमांदिरस्किये', म्हणजे कमांडरांची घड्याळं काढली. डायलवर संरक्षण खात्याची ऑर्डर असल्याचं छापलेलं अस्सल नग मोलाचे. पुढे रणगाडा, विमान, पाणबुडीची चित्रं छापून जी लाखांनी बाजारात आली, ती तेवढी नाहीत.

आणि मग जपान. कॅसिओच्या किकुओ इबे नावाच्या अभियंत्याने दहा मीटरवरून पडलं तरी चालेल, दहा बार पाण्याचा दाब सोसेल आणि सेल दहा वर्षं पुरेल असं घड्याळ करायचं ठरवलं, ते १९८३ मध्ये जी-शॉक म्हणून बाजारात आलं. त्यानंतर मैदानावरच्या सैनिकासाठी काटे असलेल्या घड्याळाची फारशी गरजच उरली नाही. आज जगभरच्या फौजांत साध्या जवानाच्या हातावर बघाल तर चौकोनी डीडब्ल्यू-५६०० किंवा गोल डीडब्ल्यू-६९०० तरी दिसेल, नाहीतर त्यांचे भाऊबंद. आपल्याकडचे जवान कँटीनमधून कॅसिओ, टायमेक्स, टायटन असं काहीही घेतात. स्विस घड्याळ घालणारे अधिकारी असतात, पण ते ड्यूटीसाठी कमी आणि मेससाठी जास्त.

आता हेर.

इथे लोकांचं डोकं सिनेमाने बिघडवलंय. घड्याळात कॅमेरा, घड्याळात दोरी, घड्याळात बॉम्ब. कॅमेरा खरोखर होता. चाळीसच्या दशकाच्या शेवटी जर्मनीत श्टाइनेक नावाचा मनगटी कॅमेरा निघाला, छोट्या गोल फिल्मवर आठ फोटो. पण जवळून बघितलं तर पोर पण ओळखेल की हे घड्याळ नाही. हातावर चालणारे काटे नसलेलं घड्याळ घालून सभेत बसणारा माणूस संशयालाच आमंत्रण देतो.

हेरगिरीतल्या माणसाने घड्याळाच्या जगाला दिलेली खरी गोष्ट वेगळीच आहे. बॉब मालुबिए हा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या गुप्त मोहिमा चालवणाऱ्या एसओईचा हस्तक होता, पुढे फ्रेंच गुप्तहेर खात्यात गेला. १९५२ च्या सुमाराला त्याने आणि क्लोद रिफोने फ्रेंच नौदलाची, पाण्याखाली बुडी मारून लढणाऱ्या जवानांची तुकडी उभी केली. बाजारातली घड्याळं पाण्याखाली टिकेनात. तेव्हा त्याने काय हवं ते लिहूनच काढलं: काळी डायल, मोठे आकडे, आणि कडेला फिरणारी रिंग, तिच्यावर चमकणारी खूण. पाण्यात उतरताना रिंग फिरवून खूण मिनिट काट्यासमोर आणायची. मग किती मिनिटं झाली हे वजाबाकी न करता दिसतं. गढूळ पाण्यात, नळकांड्यातला प्राणवायू मोजका असताना वजाबाकीत चूक होते. ब्लांपाँ कंपनीने हे करून दिलं, तेच १९५३ चं 'फिफ्टी फॅदम्स'. आज लग्नात मिरवायला जी डायव्हर घड्याळं घालतात, त्यांचा नमुना थेट या माणसाच्या गरजेतून आलेला आहे. पण नीट बघा, हे पाण्यातल्या लढाईचं घड्याळ होतं. पॅरिसच्या रस्त्यावर नाव बदलून फिरताना ते उपयोगाचं नव्हतं.

नाव बदलून फिरायची वेळ येते तेव्हा हिशोब उलटा होतो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेची एसओजी नावाची गुप्त तुकडी लाओस-कंबोडियात शिरायची. तिथे अमेरिकन सैनिक नाहीतच, अशी सरकारची भूमिका. त्यामुळे माणूस मेला तरी अंगावर अमेरिकेचं काही सापडता कामा नये. ओळखपट्टी नाही, बिल्ले नाहीत. ओकिनावातल्या पुरवठा कार्यालयाने त्यांच्यासाठी सरकारी खुणा नसलेली सेइको घड्याळं जपानमध्ये विकत घेतली. आशियाभर कुणाच्याही हातावर दिसणारं घड्याळ. नेमकं म्हणूनच ते निवडलं. काही वर्षांनी बेन्रस कंपनीने अमेरिकन खास दलांसाठी जी पाण्यातली घड्याळं बनवली, त्यांच्या डायलवर कंपनीचं नावच टाकलं नव्हतं. मला विचाराल तर सेइकोची युक्ती जास्त हुशारीची. नाव नसलेली डायल बघितली की माणूस विचारतोच, हे कुणाचं? सेइकोकडे कोण बघतो?

सोलापुरातलं उदाहरण घ्या. समजा एखाद्याला चादरी-टॉवेलचा व्यापारी म्हणून परगावी वावरायचंय. चाटी गल्लीत दिवसभर उभं राहून व्यापाऱ्यांचे हात बघा. सोनेरी मुलाम्याचं टायटन, धातूचा पट्टा, तोही एक कडी सैल, म्हणजे हिशोब लिहिताना कोपराकडे सरकवता येईल असा. नवं असेल तर काचेच्या कडेला प्लॅस्टिक अजून चिकटलेलं. असल्या माणसाच्या हातावर काळी डायल, फिरती रिंग आणि नायलॉनचा पट्टा दिसला की बाजारातला पोऱ्यासुद्धा म्हणेल, "साहेब फौजेत होता का?" तिथेच काम संपलं. घड्याळ काढून ठेवलं तरी भागत नाही. आपल्या उन्हात रापलेल्या हातावर मोठ्या डायलचा आणि रुंद पट्ट्याचा पांढरा ठसा उमटतो, तो जायला महिने लागतात. म्हणून वेषांतर करणाऱ्याला ते घड्याळ बरंच आधीपासून घालायला लागतं, आणि तेही थोडं वापरलेलं.

महाग स्टीलचं घड्याळ हेर संकटात विकून पळतो, अशीही एक लाडकी कथा आहे. सोनं जवळ ठेवणं हे खरं आहे. १९९१ च्या आखाती युद्धात ब्रिटिशांच्या एसएएस या खास दलाच्या जवानांना सोन्याची नाणी दिली होती. घड्याळाबद्दल मात्र मला शंका आहे, आणि ती गल्ल्यावर बसणाऱ्याची शंका आहे. घाईत असलेल्या अनोळखी माणसाकडून, कागद नसलेलं रोलेक्स, नकली तर नाही या धास्तीत, निम्म्या भावातसुद्धा कोण घेईल? नाणं वजनावर जातं. घड्याळाला आधी उघडून बघणारा माणूस लागतो.

उलट स्वस्त घड्याळानेही माणसं गोत्यात आली. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू, १९८९ पासूनचं, हलकंफुलकं, काळं, प्लॅस्टिकचं. तुम्ही शाळेत घातलं असेल. अल-कायदाच्या प्रशिक्षणात स्फोटकांना वेळ लावायला ते वापरलं जायचं, म्हणून अमेरिकेच्या ग्वांतानामोच्या तुरुंगातल्या कैद्यांवरच्या कागदपत्रांत हे घड्याळ हातात होतं हाही संशयाचा एक मुद्दा म्हणून नोंदला गेला. जगात हे घड्याळ इतक्या लोकांच्या हातावर आहे की त्यावरून काही सिद्ध करायचं म्हटलं तर अर्धं सोलापूर आत जाईल.

आणि आता तुमच्या भावाला थेट लागू पडणारा मुद्दा, स्मार्टवॉच. धावण्याचं ॲप असलेल्या स्ट्राव्हा कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या वापरकर्त्यांच्या सगळ्या धावण्याचा एक जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवून दिलं की सीरिया-अफगाणिस्तानच्या ओसाड भागांत ज्या प्रकाशरेषा दिसतात, त्या तिथल्या लष्करी तळांच्या कुंपणाकडेने रोज धावणाऱ्या सैनिकांच्या आहेत. तळाचा नकाशा सैनिकांच्या मनगटांनीच काढून दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, मोहिमेच्या भागात ठिकाण सांगणारी उपकरणं बंद ठेवायचा हुकूम काढला. जुलै २०२३ मध्ये रशियाच्या पाणबुडीचा एक माजी कप्तान क्रास्नोदारमध्ये सकाळी धावताना गोळ्या घालून मारला गेला. तो आपले धावण्याचे रस्ते याच ॲपवर टाकायचा. त्याच सुमाराला अमेरिकी लष्कराने जवानांना बजावलं की न मागवता टपालाने आलेली स्मार्टवॉच चालू करू नका. आपल्या लष्करानेही २०२० मध्ये ८९ ॲप फोनवरून काढायला लावली होती. तेव्हा भावाला ब्लूटूथ, जीपीएस, सिम असलेलं काही देऊ नका. भेट म्हणून कितीही छान दिसलं तरी ते ट्रंकेत पडेल, नाहीतर जमा होईल.

मग द्यायचं काय? साधं डिजिटल, पाण्यात १०० मीटरचं, गजर, उलटी मोजणी आणि बऱ्यापैकी दिवा असलेलं. पाच हजारांत जी-शॉकचं सगळ्यात साधं मॉडेल सवलतीच्या सेलमध्ये कधीकधी बसतं. नाही बसलं तर कॅसिओची जी इतर दणकट मॉडेलं आहेत ती दोन-तीन हजारांत येतात आणि काम तेच करतात. स्क्रीन घेताना फिकट पार्श्वभूमीवर काळे आकडे घ्या. काळ्यावर पांढरे आकडे शोरूमच्या दिव्यात रुबाबदार दिसतात, पहाटे फॉल-इनच्या, म्हणजे रांगेत उभं राहायच्या वेळी काही दिसत नाही. १०० मीटर म्हणजे शंभर मीटर खोल जायचं असं नाही, पोहणं आणि पावसाळा निर्धास्त, एवढंच. ३० मीटर लिहिलेलं घेऊ नका, ते हात धुण्यापुरतं असतं. सेल बदलताना रबर रिंग बदलून घ्यायला सांगा. फुटपाथवर सेल टाकून घेतला की पहिल्या पावसात काचेच्या आत वाफ धरते. पुढे उंचावर पोस्टिंग झालं तर थंडीत स्क्रीनचे आकडे रेंगाळतात आणि सेल दमतो, तेव्हा घड्याळ बाहीच्या आत अंगाच्या उबेला ठेवायचं. उन्हात गाडीच्या टाकीवर ठेवलं तर उलटा प्रकार, स्क्रीन काळी पडते. गार झाली की बहुतेक वेळा परत येते.

'कमांडो' नावाची, बाजूला चार खोटी बटणं आणि पट्ट्यावर खेळण्यातलं होकायंत्र असलेली, डायलवर तलवारींचं चिन्ह छापलेली जी सातशे-आठशेला मिळतात, त्यांच्यावर एक रुपया घालवू नका. युनिटचं चिन्ह असलेली घड्याळं फौजेत खरोखर असतात, पण ती पलटणीने आठवण म्हणून दिलेली असतात.

आता आजोबांचं घड्याळ. एचएमटीने सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरात १९६१ मध्ये घड्याळं सुरू केली, पहिली खेप पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. जनता, पायलट, कोहिनूर, कांचन, सोना अशा नावांच्या रांगेत 'जवान' हे सैनिकांसाठी म्हणून काढलेलं, चावीचं, १७ ज्वेलचं, म्हणजे आतली चाकं घासू नयेत म्हणून सतरा खडे बसवलेलं. घड्याळ कारखाना बंद करायचा निर्णय केंद्राने २०१६ मध्ये घेतला आणि त्यानंतर जुन्या एचएमटीचे भाव चढले. भाव चढले की कारागीर जागे होतात. मुंबईत जुनी मशीनं, नव्या छापलेल्या डायली आणि कुठल्यातरी केसा जोडून 'जवान' आणि 'पायलट' ढिगाने तयार होतात. निळी, केशरी, हिरवी, मधोमध मोठा बाण किंवा फौजेचं चिन्ह असलेली. असल्या रंगीत डायली बघितल्या की मी पुढे बघतच नाही.

तुमचं घरातून बाहेर गेलेलंच नसेल, तर जोडकामाची भीती कमी. तरी बघा. भिंगातून अक्षरांच्या कडा बघायच्या. कारखान्याची छपाई धारदार असते, नंतरची थोडी फुगलेली, आणि मिनिटांच्या रेषा एकसारख्या अंतरावर नसतात. आकड्यांवरचा चमकणारा रंग आणि काट्यांवरचा रंग एकाच वयाचा दिसायला हवा, एक पिवळट आणि एक पांढराफटक असेल तर काहीतरी बदललंय. मागचं कव्हर उघडून मशीनवर एचएमटीचा शिक्का आणि बॅलन्सशेजारी, म्हणजे मागं-पुढं हलणाऱ्या चाकाशेजारी, प्लेटवर नंबर आहे का ते बघायचं. डायल काढून पाठीमागचे दोन पाय शाबूत आहेत की चिकटवलेले आहेत, ते शेवटी. हे मात्र घरी करू नका, हेअरस्प्रिंगला, म्हणजे त्या चाकावरच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, नख लागलं तर तुमच्या आजोबांच्या घड्याळाचं श्वास घेणंच बंद पडेल. आणि डायल नंतर रंगवलेली निघाली म्हणजे घड्याळ नकली, असं लगेच धरू नका. डायल खराब झाली की ती रंगवून आणायची, ही पूर्वी आमच्या धंद्यातली रोजची सेवा होती. आजोबांनी स्वतःच पैसे देऊन करून घेतलेली असू शकते.

आजोबांच्या आधीच्या पिढीचं, चाळीसच्या दशकातलं किंवा त्याहून जुनं इंग्रजी फौजेचं काही निघालं, तर एक काळजी घ्या. त्या काळातल्या काट्यांवर खरं रेडियम असायचं. चमक कधीच गेलेली असते, पण रेडियमचं अर्धआयुष्य, म्हणजे किरणांचा जोर निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षं आहे, म्हणजे किरणं तशीच चालू. काच बंद आहे तोवर फार चिंता नको. उघडून तपकिरी पूड ब्रशने झाडायची, फुंकर मारायची, हे अजिबात करायचं नाही. साठच्या दशकापासून पुढे ट्रिटियम आलं, त्याचं अर्धआयुष्य साडेबारा वर्षांच्या आत, डायलवर गोलात 'टी' असतो. ते घड्याळ आज अंधारात चमकत नसेल तर तो दोष नाही, आणि झगझगीत चमकत असेल तर रंग नंतरचा आहे. ब्रिटिश फौजेच्या साठ-सत्तरच्या दशकातल्या घड्याळांच्या पाठीवर ६६४५-९९ असा आकडा असतो. ६६४५ हा वेळ मोजणाऱ्या साहित्याचा वर्ग, ९९ म्हणजे ब्रिटन. विकणारा 'भारतीय फौजेचं' सांगत असेल आणि पाठीवर हा आकडा असेल, तर तो वाचता न येणारा तरी आहे, नाहीतर तुम्हाला वाचता येत नाही असं समजणारा.

आजोबांचं घड्याळ बरीच वर्षं बंद असेल तर चालतंय का बघायला चावी देत बसू नका. आतलं तेल वाळून गोंदासारखं झालेलं असतं, कोरड्यावर चालवलं की पिव्हट, म्हणजे चाकांची बारीक टोकं, खरडतात. आधी पूर्ण खोलून धुलाई आणि ऑइलिंग. केसला पॉलिश करायचं नाही, काच फुटलेली नसेल तर बदलायची नाही, आणि पट्टा अठरा मिलिमीटरचा बसतो का ते मोजून मगच मागवा.